रेघांवर रेघा ओढणाऱ्यांसाठी ०१ नंबरचा फाईनलायनर

माझं काम म्हणजे आडव्या रेघा. एकीखाली एक, पान भरेपर्यंत. त्यासाठी मी ०१ नंबरचं, म्हणजे ०.२५ मिमी टोकाचं पिगमेंट शाईचं पेन वापरते. शाईबद्दल तक्रार नाही. एकदा वाळली की वरून वॉटरकलरचा हात फिरवला तरी पसरत नाही. पट्टी लावताना मात्र पेन जवळजवळ उभं धरा, तिरकं धरलं की धातूची नळी कागद खरवडते. खरखरीत कागदावर टोक लवकर दबतं आणि रेघ जाड होत जाते. कुणाला हा दोष वाटेल. मला आवडतो: पानाच्या तळाशी रेघा आपोआप भारी होतात, तोवर हात सैलावलेला असतो, श्वासही रेघेच्या लयीत आलेला असतो.

चित्रकार नसरीन मोहम्मदींसारखी (१९३७–१९९०) काटेकोर रेघ हवी असेल, तर ड्राफ्टिंगची, म्हणजे आराखडे काढायची पेनं घ्या. ती धुण्याचा कंटाळवाणा उद्योग मागे लागेलच. ध्यानाच्या नावाखाली विकले जाणारे छापील नक्षीचे संच मात्र नकोच. रेघ कुठे थांबवायची हे आधीच ठरलेलं असेल, तर आपण करायचं काय? नवख्यांनी ०१ हून बारीक टोकाच्या ००५ नंबरच्या नादी लागू नये. जरा जोर पडला की टोक आत जातं.