प्रश्नावलीच्या मराठी अनुवादाची सेवा : संमतीपत्रासाठी चोख, मापनीसाठी अपुरी

पुण्यातील एका अनुवाद संस्थेकडून मी माझ्या पीएच.डी.च्या कामासाठी तीन मजकूर मराठीत करून घेतले : माहितीपत्रक, संमतीपत्र आणि सोळा विधानांची एक मापनी, म्हणजे प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत ते सांगायची आणि उत्तरांना गुण द्यायची प्रश्नावली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या दोषाबद्दल लिहिणार आहे त्याचा निम्मा वाटा काम नेमके काय आहे हे नीट न सांगणाऱ्या माझाही आहे.

माझा विषय संघटनात्मक मानसशास्त्रातला असून, सार्वजनिक बससेवेतील वाहकांना येणारा कामाचा शीण मी अभ्यासते आहे. त्यासाठी इव्हँजेलिया डेमेरूटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ओल्डेनबर्ग बर्नआउट इन्व्हेंटरी ही असा शीण मोजणारी मापनी निवडली. या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी मॅस्लाक यांची प्रश्नावली प्रतीमागे परवाना शुल्क देऊन घ्यावी लागते आणि ते गणित शिष्यवृत्तीत बसत नव्हते. ओल्डेनबर्ग मापनीत 16 विधाने आहेत. त्यांपैकी आठ शिणाची आणि आठ कामातून मन उडण्याची. प्रत्येक आठांत चार विधाने सुलट (सहमती म्हणजे त्रास जास्त) व चार उलट (सहमती म्हणजे त्रास कमी) असल्यामुळे, न वाचताच सगळीकडे ‘सहमत’वर खूण करत जाणारा माणूस उत्तरपत्रिका पाहताच ओळखू येतो. तिची हीच रचना अनुवादात मात्र फार जपावी लागते, कारण एखाद्या उलट विधानाचा रोख डळमळला तर पुढे गुणांकनात त्या विधानाचा अर्थच फिरतो.

आधी चांगले सांगते. माहितीपत्रक आणि संमतीपत्र अपेक्षेपेक्षा सरस उतरले. ‘आपण कोणत्याही क्षणी कारण न देता सहभाग थांबवू शकता’ हे वाक्य सरकारी वळणाचे न होता सरळ आले होते. काम ठरल्या दिवशी मिळाले, बिल नीट होते आणि एथिक्स कमिटीला लागणारे अनुवादाचे प्रमाणपत्र लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, मागण्याआधीच जोडलेले होते. ज्यांना एवढेच हवे आहे त्यांनी अशा संस्थेकडे निःशंक जावे.

मापनीची गोष्ट वेगळी. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना तिचा उलट अनुवाद करून पाहण्याची, म्हणजे अनुवाद पुन्हा मूळ भाषेत नेऊन मुळाशी ताडण्याची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या 1970 च्या लेखापासून रूढ आहे, आणि डॉरकास बीटन व सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दिलेल्या पायऱ्यांत तर दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मूळ मजकूर न पाहिलेल्या दोघांकडून उलट अनुवाद, तज्ज्ञांची बैठक आणि शेवटी 30 ते 40 जणांवर चाचणी असा क्रम आहे. संस्थेच्या दरपत्रकात ‘उलट अनुवादासह’ असे लिहिले होते, आणि मी त्यावर विसंबले. हाती आलेला उलट अनुवाद मूळ इंग्रजीशी जवळजवळ शब्दशः जुळत होता. मी खूश होऊन तो परिशिष्टात लावलाही. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मात्र तो पाहताच विचारले, “करणाऱ्याने मूळ पाहिलं होतं का गं?” फोन केल्यावर समन्वयकाने प्रामाणिकपणे सांगितले की फाइल दोन रकान्यांची असते, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी, आणि उलट अनुवाद करणाऱ्यालाही तीच फाइल जाते. म्हणजे ज्याने उत्तर शोधायचे त्याच्यापुढेच उत्तरपत्रिका ठेवली होती. इतकी तंतोतंत जुळणी पाहून शंका माझ्याच मनात यायला हवी होती, याची खंत आहे.

यातून काय निसटले ते डेपोत कळले. विश्रांतिगृहातल्या बाकावर बसून मी काही वाहकांना विधाने मोठ्याने वाचायला आणि मनात काय आले ते सांगायला लावले. ‘कामाच्या वेळी मला अनेकदा भावनिकदृष्ट्या रिक्त वाटते’ या विधानापाशी एक ज्येष्ठ वाहक थांबले आणि म्हणाले, “रिक्त म्हणजे जागा रिक्त आहेत तेच ना मॅडम? त्या तर कधीच्या भरलेल्याच नाहीत.” त्यांनी ‘पूर्णपणे सहमत’वर खूण केली होती. नोकरदार माणसाच्या कानावर हा शब्द रोज पदांच्या संदर्भातच पडतो, हे शब्दकोशाला ठाऊक असण्याचे कारण नाही. दुसऱ्या एका विधानात ‘विश्रांतीकालीन उपक्रम’ होते. त्यावर ‘उपक्रम मुलांच्या शाळेत असतात’ असे उत्तर आले. ते आता ‘ड्यूटी संपल्यावर आवडीचं काही करायला अंगात त्राण उरतं’ असे केले आहे, आणि ‘रिक्त’च्या जागी ‘मन पार थकून जातं’ आले आहे. ही विधाने मांडताना बोलीतली अनुस्वारयुक्त रूपे घ्यावीत की प्रमाण लेखनातली ‘त्राण उरते’ अशी, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला; वाचणारा मनातल्या मनात बोलतच वाचतो, म्हणून मी पहिल्या बाजूला राहिले.

तक्रार केल्यावर संस्थेने हात झटकले नाहीत. नव्या माणसाकडून, मूळ न दाखवता, उलट अनुवाद वेगळे पैसे न घेता करून दिला. या खेपेला तीन विधाने मुळापासून दूर गेलेली दिसली आणि तज्ज्ञांच्या बैठकीत बोलण्याजोगे काहीतरी प्रथमच हाती आले. एकदा नेमके कसे करायचे ते दाखवून दिल्यावर त्यांनी काम चांगले केले. परंतु ते दाखवून देण्याची जबाबदारी संशोधकावरच पडते, आणि प्रति शब्द दर आकारणाऱ्या व्यवसायात सोळा ओळींचा मजकूर किरकोळ काम समजला जाणे अपरिहार्य आहे.

तेव्हा मापनी द्यायची असेल तर सुलट व उलट अनुवाद करणारी माणसे वेगळी असतील, दुसऱ्याला फक्त मराठी रकाना जाईल आणि दोघांचेही मूळ मसुदे आपल्याला मिळतील, हे कामाच्या आदेशातच लिहून घ्यावे. सुधारित मसुद्याबरोबर मला आलेले प्रमाणपत्र जुन्याच तारखेचे होते आणि कमिटीने ते परत पाठवले, म्हणून घेताना तारीखही पाहून घ्यावी.