साडेपाचशे जीएसएमची गी आणि एक पावसाळा: जिऊ-जित्सूच्या नऊ महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात विक्रेत्याने आटलेल्या गीबद्दलची (गी म्हणजे जिऊ-जित्सूत घालायचा जाड सुती जॅकेट आणि विजारीचा पोशाख) माझी तक्रार तिसऱ्यांदा परस्पर बंद केली, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. पुण्यातल्या एका ब्राझीलियन जिऊ-जित्सूच्या (जमिनीवर धरपकड करत लढायच्या, कुस्तीसारख्या खेळाच्या) वर्गाला मी फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीन संध्याकाळी जाते. वय 41, आधी कोणत्याही खेळाची सवय नाही, पट्टा अर्थातच नवशिक्यांचा पांढरा आणि त्यावर आतापर्यंत दोन स्ट्राइप, म्हणजे प्रगतीच्या खुणा. बाकी तपशिलात न शिरता थेट मुद्द्यावर येते.

पहिला महिना वर्गातली गी वापरली आणि मार्चमध्ये 6,200 रुपयांना स्वतःची घेतली: साडेपाचशे जीएसएमचे (चौरस मीटरला साडेपाचशे ग्रॅम वजनाचे) जाड, पर्ल वीव्ह विणीचे कापड, माप ए-1. जाड कापड जास्त टिकते, एकदाच पैसे घातले की चार वर्षे बघायला नको, हा माझा हिशेब होता. मेअखेरपर्यंत तो बरोबरही ठरला. रात्री धुतलेली गी दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरून कडक वाळून येत असे, शिवण कुठेही उसवली नाही आणि गुडघ्यावरचे दुहेरी कापड जसेच्या तसे राहिले. तेव्हा लिहिले असते तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि सगळे गणित फिरले. प्रवासाच्या बॅगा तोलायच्या ताणकाट्यावर मी गी तोलून पाहिली. कोरडी असताना ती पावणेदोन किलो भरली आणि मशीनमधून पिळून काढल्यावर तीन किलोच्या जवळ गेली. घरात दोरीवर टांगून खाली पंखा लावला तरी जॅकेटची पाठ वाळायला दीड दिवस आणि कॉलर वाळायला पूर्ण दोन दिवस लागत. कॉलरचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिच्या आत रबरी फोमची पट्टी असते आणि तिच्यावर कापडाचे कित्येक थर शिवलेले असतात. वरून हात लावला तर ती कोरडी वाटते, पण मानेमागे दुमडून दाबली की बोटांना ओल लागते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असा वर्ग असल्यामुळे जुलैमध्ये मी किमान चार वेळा ही ओल ठाऊक असूनही तीच गी घालून गेले.

जुलैअखेरीस मानेच्या डाव्या बाजूला आणि उजव्या कोपराच्या आत गजकर्ण उठले. नेमके कशामुळे ते सांगता येत नाही, कारण ते मॅटवरून (सरावाच्या गादीवरून) किंवा जोडीदाराच्या अंगावरूनही येऊ शकते. पण ओल्या कॉलरच्या रेषेतच पहिला चट्टा आला, हे मी विसरू शकत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी औषध देऊन तीन आठवडे मॅटवर उतरणे बंद केले आणि कपडे गरम पाण्यात धुवायला सांगितले. औषधांच्या दुकानात मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे स्वतःच्या मनाने लावू नका, त्यांनी खाज थांबते पण संसर्ग दबून पसरतो, हेही त्यांनी बजावले. मॅटवर उतरणाऱ्या प्रत्येकाने ही सूचना पाळावी, कारण आपण अंगावर जे नेतो ते तिथल्या वीस जणांना देऊन येतो.

मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे गी गीझरच्या कडक पाण्यात भिजवली आणि ती आटली. मनगटापर्यंत येणारी बाही सात सेंटिमीटर वर गेली. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिऊ-जित्सू महासंघाच्या नियमानुसार हात समोर सरळ धरल्यावर बाही आणि मनगट यांच्यातले अंतर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बाही तोकडी असली की प्रतिस्पर्ध्याला धरायला कापडच उरत नाही, म्हणून हा नियम. सरावाला माझी गी अजून चालते, पण हा नियम पाळणाऱ्या कोणत्याही स्पर्धेला ती आता निरुपयोगी आहे. विक्रेता म्हणतो की लेबलवर 30 अंशांची मर्यादा छापलेली होती. ते खरे आहे. पण त्याच्याच पानावर कापड आधीच आटवून घेतलेले असल्याचे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि त्या भरवशावर मी हे माप निवडले, या मुद्द्याला तिन्ही वेळा उत्तर मिळाले नाही.

ऑगस्टमध्ये परत आल्यावर काही दिवस मी फक्त नो-गीच्या, म्हणजे गी न घालता खेळायच्या, वर्गाला गेले. तिथे घालायचा अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड दोन तासांत वाळतो, मग हे कापडाचे ओझे कशासाठी, असे माझे ठाम मत झाले होते. ते मत सहा आठवड्यांत बदलले. नो-गीत घामाने हात निसटतात, खेळ वेगवान होतो आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेली मुले मला विचार करायला वेळच देत नाहीत. एकदा आर्मबारमध्ये (कोपर उलटे ताणणाऱ्या डावात) टॅप करायला, म्हणजे थाप मारून हार मानायला, मी क्षणभर उशीर केला आणि कोपर दहा दिवस दुखले. गीमध्ये कॉलर आणि बाही हातात असली की समोरचा थांबतो, निदान त्याचा वेग कमी होतो, आणि उशिरा शिकणाऱ्याला नेमकी तेवढीच उसंत हवी असते.

सप्टेंबरअखेर बाबा सराव बघायला आले. ते कराडजवळच्या गावचे, तरुणपणी तालमीत कसलेले. मी पाठीवर पडून क्लोज्ड गार्ड (जोडीदाराच्या कमरेभोवती दोन्ही पायांची मिठी) लावलेला पाहून ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "अगं, पाठ लागली, संपली कुस्ती!" मातीवर ते खरेच आहे. इथे मात्र तिथूनच माझे काम सुरू होते. उजव्या हातात जोडीदाराची कॉलर होती, डाव्या हातात तिची बाही. एक नडगी तिच्या पोटावर आडवी घातली, दुसऱ्या पायाने तिचा गुडघा खालून सरकवला, बाही माझ्याकडे ओढली आणि ती उलटून मी वर आले. स्पर्धेत या स्वीपचे, म्हणजे खालून उलटवून वर येण्याचे, दोन गुण आणि त्यानंतर टिकवलेल्या माउंटचे (समोरच्याच्या अंगावर बसण्याचे) चार. घरी जाताना रिक्षात बाबांनी माझ्या पिशवीतली कॉलर बाहेर काढली, बराच वेळ चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "घामाच्या अंगाला पकड बसावी म्हणून आम्ही माती लावायचो. तुमच्याकडं ते काम हे कापड करतंय." सहा आठवडे मला जे शब्दांत धरता येत नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

त्यामुळे गी हवीच, पण ही नव्हे. जपानी जुदोपटू मायेदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे या खेळाच्या संस्थापकांपैकी एक असलेला कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला ते तिथले बेलें शहर तर बहुतेक रोज पाऊस पडणारे आहे. तिथल्या लोकांनी ओल्या कॉलरचे काय केले असेल, हे मला मनापासून जाणून घ्यावेसे वाटते. ऑक्टोबरमध्ये मी साडेतीनशे जीएसएमची, रिपस्टॉप (सहज न फाटणाऱ्या पातळ) कापडाची विजार असलेली गी 3,400 रुपयांना घेतली. या वेळी एक माप मोठी, ए-2 घेतली आणि पहिल्याच दिवशी मुद्दाम गरम पाण्यात काढली. बाही मनगटापासून तीन सेंटिमीटरवर थांबली. कॉलर एका रात्रीत वाळते, पण ते ऑक्टोबरच्या हवेत. पुढच्या जूनच्या आत तशीच दुसरी घेणार आहे, म्हणजे दोन्ही मिळून 6,800 रुपये होतील, जाड गीपेक्षा केवळ 600 जास्त. जाड गी नोव्हेंबर ते मे वापरीन. वर्गाला पाच तारे, जाड गीला दोन, आणि विक्रेत्याने पहिल्या तक्रारीला नीट उत्तर दिले असते तर मी ते तीन केले असते.