कॅपेसिटाबिन घेताय? मग मेडिकल असं हवं

आईच्या कॅपेसिटाबिनच्या (कॅन्सरवरच्या केमोच्या) गोळ्या स्टेशनजवळच्या मेडिकलमधून घेतो, चार स्टार. तिथल्या फार्मासिस्ट ताई नुसती पिशवी हातात देत नाहीत, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाण्याबरोबर घ्यायच्या, चुरा करायच्या नाहीत, दुसऱ्या कोणी हाताळल्या तर ग्लोव्हज घाला, डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल नाही, हे सगळं नीट सांगतात. आईचं १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असं आहे, ते त्यांनी कॅलेंडरवर पेनाने मार्क करून दिलं, बेस्ट! तळहात-तळपाय लाल होऊन जळजळतात म्हणून १० टक्के युरियावालं क्रीम पहिल्यापासून लावायला डॉक्टरांनीच सांगितलेलं, तेही इथे मिळतं. आई स्वतःच्या मनाने मल्टीव्हिटॅमिन मागत होती तर ताईंनी थांबवलं, त्यात फॉलिक अॅसिड असतं आणि त्याने साइड इफेक्ट वाढू शकतात, आधी डॉक्टरांना विचारा म्हणाल्या. जुलाब रोजच्यापेक्षा चारेक वेळा जास्त झाले किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना फोन करा, हेही बजावलं. एक स्टार कापला कारण होम डिलिव्हरी कधीच वेळेवर नसते, स्ट्रिप संपायच्या आधीच ऑर्डर टाका.