बार्बाडोस ते पनामा: फॅमिलीसर्चवर खापरपणजोबांचा माग काढताना

आमची सून ब्रुकलिनची, तिचं माहेर मूळचं बार्बाडोसचं. नातवाची वंशावळ करायला घेतली, तर आमची बाजू भावकीतल्या वहीवरून एका बैठकीत उतरली. तिच्याकडे एवढंच माहीत होतं की खापरपणजोबा पनामाचा कालवा खणायला गेले आणि तिथून न्यूयॉर्कला. तेवढ्या माहितीवर मी गेले काही महिने फॅमिलीसर्च हे वंशावळीच्या जुन्या नोंदींचं संकेतस्थळ वापरतेय.

संकेतस्थळ फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. काही कागद घरून दिसत नाहीत, त्यांच्या केंद्रात जाऊन पाहावे लागतात. पण पहिल्याच पानावर नाव टाकून शोधत बसू नका. १९०४ ते १९१४ या काळात अमेरिका कालवा खणत होती, तेव्हा एकट्या बार्बाडोसमधून सुमारे २० हजार माणसं करारावर गेली. स्वखर्चाने गेलेली वेगळीच. बेटाची वस्ती दोन लाखांच्या आत! करार ५०० दिवसांचा, दिवसाला दहा तास काम, तासाला दहा सेंट. एवढ्या गर्दीत कारकुनाने कानावर पडलं ते लिहिलं. त्यात क्लार्क आडनावाचा माणूस शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं.

खरी किल्ली बिल्ल्याच्या नंबरात आहे. प्रत्येक मजुराला नंबराचा धातूचा बिल्ला असे. पगारपत्रकं दोन होती: गोऱ्या अमेरिकनांचं ‘गोल्ड’ आणि वेस्ट इंडियन मजुरांचं ‘सिल्व्हर’. राहायच्या चाळी, खानावळी, पोस्टाच्या खिडक्या, सगळं त्याच फाळणीने. आपला माणूस सिल्व्हरमध्येच सापडणार. कालवा विभागातल्या कामगारांच्या नोंदींत एकदा नंबर मिळाला की स्पेलिंगची फिकीर उरत नाही, वय आणि गाव तेवढं ताडून घ्यायचं. नंतरच्या काळातल्या बिल्ल्यांच्या अर्जांवर तर फोटोही असतो.

न्यूयॉर्कचा टप्पा सोपा गेला. १९०७ पासून जहाजाच्या यादीत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता विचारत. एलिस आयलंड या न्यूयॉर्क बंदरातल्या तपासणी नाक्याच्या याद्याही फुकट पाहता येतात. तिथे खापरपणजोबांच्या आईचं नाव मिळालं आणि त्यासोबत पॅरिश, म्हणजे बेटाचा परगणाही. बार्बाडोसच्या ११ पॅरिशांपैकी आपली कोणती, हे कळल्याशिवाय चर्चच्या वह्या उघडू नयेत. १६३७ ते १८८७ च्या वह्यांची पानं फॅमिलीसर्चवर आहेत आणि ती चाळताना डोळे दुखतात. आईबापांचं लग्न झालेलं नसेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा आईचंच नाव मिळतं, आणि मुलगा पुढे बापाचं आडनाव लावतो. दोन्ही आडनावांनी शोधायचं.

मध्ये एका पैसे घेणाऱ्या संकेतस्थळाचंही सदस्यत्व घेतलं. इतरांनी केलेल्या वंशावळींतून ते रोज ‘सुगावे’ पाठवतं. त्यातल्या एकात १९०९ साली पनामात वारलेल्या गृहस्थांना १९२१ मध्ये मुलगी झाली होती. मूळ कागदाचं चित्र जोडलेलं नसेल तर असल्या सुगाव्याकडे ढुंकूनही पाहू नका. सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहतं, तेही आधीच बंद करून ठेवा.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, त्याच्या मागे गेलं की कामाची जातच बदलते. १८१७ पासून दर तीन वर्षांनी झालेली गुलामांची नोंदवही मालकाच्या नावाने लावलेली आहे. माणसांची बहुतेक नुसती पहिली नावं, शेजारी वय आणि रंग. म्हणजे आधी मळा आणि मालक हुडकायचा. (सून म्हणाली, “आई, एवढं मागे नका जाऊ,” पण नातवाला पाहिजे आहे.) मूळ वह्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. बार्बाडोसच्या अभिलेखागारात जून २०२४ मध्ये आग लागून बरेच कागद गेले, त्यामुळे तिथे जायचा बेत असेल तर काय शिल्लक आहे ते आधी पत्राने विचारून घ्या.