५जी अँटेना: गच्चीवर, रस्त्याच्या खांबावर की इमारतीच्या आत?

मोबाइल कंपनीचा माणूस अँटेनाच्या जागेसाठी भाड्याचा आकडा घेऊन येतो आणि सोसायटीच्या सभेत लगेच दोन तट पडतात. एकाला मेंटेनन्स कमी झालेला दिसतो, दुसऱ्याला कॅन्सर. जागा मात्र दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच असते, गच्ची. प्रत्यक्षात पर्याय तीन आहेत.

आधी भीतीचं बघू, कारण सभा तिथेच अडते. पॅनेल अँटेनाचा, म्हणजे खांबाला लावलेल्या उभ्या चपट्या अँटेनाचा झोत समोर, जरासा खाली झुकून जातो. बरोबर खालच्या फ्लॅटपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं, शिवाय मधे स्लॅब असतो. दिव्याखाली अंधार, तसंच. झोतात सापडतो तो समोरच्या इमारतीचा त्याच उंचीचा मजला. आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकू ‘माझ्या डोक्यावर नको’ म्हणून भांडतात आणि समोरच्यांना कुणी विचारतही नाही, हे नेहमीचंच! अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींच्या तीव्रतेची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरी ‘२बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या हे खरं आहे. पण त्यामागचा मुख्य पुरावा कानाला लावलेल्या मोबाइलच्या वापराचा होता. सिग्नल कमजोर असला की हाच मोबाइल जास्त जोर लावतो, म्हणून अँटेना फार लांब ढकलण्यातही शहाणपण नाही. तरीही शंका असेल, तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागवता येते.

गच्ची. परिसरात सगळ्यात दूरवर पोच हिची, आणि सोसायटीला भाडं मिळतं ते इथेच. माझी खरी काळजी मात्र पावसाळ्याची आहे. खांबाचे बोल्ट स्लॅबमध्ये जातात, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि गळती सुरू होते ती वरच्या मजल्यावर. अँटेना, केबल, कॅबिनेट, बॅटऱ्या यांचं वजन आणि वाऱ्याचा दाब जुन्या इमारतीला झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. जनरेटर बसणार असेल तर त्याची घरघरही सोसावी लागते. भाड्यावर आयकर लागतो. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे. तो कर कोण भरणार, गळती कोण काढून देणार आणि करार संपल्यावर गच्ची पूर्ववत कोण करणार, ही तीन कलमं करारात नसतील तर सही करू नका.

रस्त्याचा खांब. इथे बसतो तो स्मॉल सेल, म्हणजे छोटा अँटेना, पेटीएवढा आणि अगदी कमी शक्तीचा. त्याची पोच शे-दोनशे मीटरची, त्यामुळे ते बरेच लागतात आणि प्रत्येकाला वीज व फायबर हवं. २०२२ च्या नियमदुरुस्तीत शहरातल्या खांबामागे वर्षाला ३०० रुपये दर ठरला होता. तो पैसा खांबाच्या मालकाला जातो, सोसायटीला छदामही नाही. बंगले, रो हाऊस आणि पेठांमधल्या अरुंद गल्ल्यांना हाच बरा. फक्त खांब कुणाच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीला चिकटलेला नको. २६ गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे ५जीच्या लहरींचा वरचा पट्टा असेल तर झाडाची पानंही आडवी येतात.

इमारतीच्या आत. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीट आणि कोटिंगच्या काचेपुढे थकतात. बाहेर फुल्ल रेंज आणि लिफ्टमध्ये शून्य, ही तक्रार असेल तर गच्चीवर कितीही मोठा अँटेना लावा, उपयोग बेताचाच. पॅसेजच्या छताला छोटे अँटेना लावणं हा त्यावरचा नेमका उपाय. खर्चिक आहे, आणि सगळ्या कंपन्यांना वापरता येईल अशी यंत्रणा नसेल तर एकाच कंपनीच्या दावणीला बांधले जाल. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी मात्र डक्ट आणि पार्किंगपर्यंतची फायबरची वाट बिल्डरकडून आत्ताच नकाशात काढून घ्यावी. भिंती उभ्या राहिल्यावर हेच काम महाग पडतं.

माझं मत विचाराल तर, तुमची इमारत आजूबाजूच्यांपेक्षा दोन-तीन मजल्यांनी उंच आणि धडधाकट असेल तरच गच्ची द्या. समोर तेवढीच उंच इमारत असेल तर अँटेनाची दिशा बदलून मागा, नाहीतर नाही म्हणा. रेंजचं दुखणं फक्त आतलं असेल तर भाड्याचा मोह सोडून आतलीच यंत्रणा करा.

आणि ‘टॉवर मंजूर झालाय, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. दूरसंचार नियामक संस्था ट्राय अशा टॉवरसाठी ना-हरकत पत्र देतच नाही.