रोमकरांस आणि याकोबाच्या पत्रावरचा ऑनलाइन कोर्स: अब्राहामाचे धडे जबरदस्त, क्विझ मात्र नको

बायबलमधल्या या दोन पत्रांवरून, माणूस देवापुढे विश्वासाने नीतिमान ठरतो की कृतींनी, या एकाच प्रश्नावर आखलेला हा व्हिडिओ कोर्स पूर्ण केला. अख्खा कोर्स काही सारख्या दर्जाचा नाहीये, पण अब्राहामावरचे धडे इतके चांगलेत की मी तेवढ्यासाठीसुद्धा घ्या म्हणेन.

एरवी काय होतं, रोमकरांस 3:28 आणि याकोब 2:24 समोरासमोर ठेवतात, एकात नियमशास्त्राच्या कृतींशिवाय विश्वासाने आणि दुसऱ्यात केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी, आणि मग कसंबसं दोघांचं भांडण मिटवतात. इथे शिक्षक आधी बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघडायला लावतात. 15व्या अध्यायात अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणलं जातं. पुढच्याच अध्यायात त्याला इश्माएल हा मुलगा होतो तेव्हा तो 86 वर्षांचा, सुंता होते 17व्यात तेव्हा 99, म्हणजे मधे किमान 13 वर्षं गेली. दुसऱ्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवायची वेळ तर 22व्यात येते. हा सगळा क्रम स्क्रीनवर एका रेषेत दाखवलाय आणि तो बघताना माझ्या डोक्यातला बराच गुंता सुटला, कारण पौल (रोमकरांस लिहिणारा) आणि याकोब दोघंही उत्पत्ती 15:6 हेच वचन घेतात पण पौल विचारतो की हे गणलं गेलं तेव्हा सुंता झाली होती का, तर नाही, मग परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, सुंतेची अट कशाला? याकोब त्याच माणसाकडे वेदीपाशी उभा राहून बघतो आणि म्हणतो की तो विश्वास इथे कृतीने पूर्ण झाला. त्याच्यासमोर सुंतेचा वाद नाहीच, त्याच्यासमोर उघड्या-उपाशी भावाला नुसतं "सुखाने जा" म्हणून पाठवणारा माणूस आहे. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि कापतात, हे तो त्याच माणसाला सुनावतो.

रोमकरांस 4:4-5 वर शिक्षक चांगले रेंगाळलेत ते मला फार आवडलं. काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती त्याचं देणं म्हणून, कृपा म्हणून नाही, आणि देव तर अधर्मी माणसाला नीतिमान ठरवतो. आपण देवाला पुरे पडतोय का या काळजीत वर्षानुवर्षं जगणारी माणसं मंडळीत असतात, त्यांनी हा भाग शांतपणे ऐकावा असं मनापासून वाटतं.

इतिहासाचा भाग अर्धवट आहे. 1522च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत प्रोटेस्टंट सुधारक लूथरने याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हणजे कमी मोलाचं म्हटलं, 1547मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने नीतिमान ठरण्यावर आपला निर्णय दिला, इथपर्यंत सांगतात आणि थांबतात! 31 ऑक्टोबर 1999ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशनने याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, 2006मध्ये मेथडिस्ट आणि 2017मध्ये रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट मंडळ्याही त्यात आल्या, यातलं अवाक्षर नाही. सगळे मतभेद संपलेत असं नाही, पण नीतिमान ठरणं कृपेने होतं, आपल्या पुण्याईने नाही, हे दोन्ही बाजूंनी एकत्र म्हटलंय. ते गाळलं की नवीन माणसाला वाटणार भांडण अजून 16व्या शतकातच अडकलंय.

क्विझने तर चिडचिड झाली. "तारणासाठी कृती आवश्यक, बरोबर की चूक?" आता याला काय उत्तर द्यायचं? इफिसकरांस 2:8-9 सगळ्यांना पाठ असतं, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कृतींनी नाही, पण लगेच 10व्या वचनात आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालोय असं लिहिलंय. म्हणजे कृती आहेतच, त्या आधी येऊन नीतिमत्त्व कमवत नाहीत, मागून येतात. गलतीकरांस 5:6 मधला प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास इथे मांडायलाच हवा होता, पण त्या वचनाचा संपूर्ण कोर्समध्ये ओझरता उल्लेख आहे, एवढं महत्त्वाचं वचन आणि पुढच्या स्लाइडवर गायब.

ऑडिओ स्वच्छ आहे, नोट्स ठीक.

घेणार असाल तर रोमकरांसचे पहिले पाच अध्याय आणि याकोबाचं अख्खं पत्र आधी स्वतः वाचून घ्या, मग थेट अब्राहामाचे धडे बघा, क्विझ सोडून द्या. कोर्स रोमकरांसच्या 5व्या अध्यायाशी संपतो, त्यामुळे 6वा तुमचा तुम्हीच वाचा, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय हा प्रश्न पौल तिथे स्वतःच घेतो.