पदवीनंतर सीएफपी की सीएफए?

भाची पदवीधर झाली आणि तिचा प्रश्न आला, "मामा, दोन्ही पैशाचेच कोर्स ना, मग कुठला करू?" विषय पैशाचाच, पण काम अगदी वेगळं.

सीएफपी म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर, घरांचं आर्थिक नियोजन करणारा. या कामाच्या केंद्रस्थानी माणूस असतो. समोर एक जोडपं बसलंय. घराचं कर्ज, दोन मुलं, विमा अपुरा, निवृत्तीला पंधरा वर्षं, मृत्युपत्र केलेलंच नाही. या सगळ्याची एकत्र मोट बांधायची. मला हे काम जास्त अवघड वाटतं, कारण आकडे जुळले तरी नवरा-बायकोचं एकमत व्हावं लागतं. सीएफए म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट. तो करणारा कंपनीचा ताळेबंद उलगडतो, रोख्याची किंमत काढतो, गुंतवणुकींचा पोर्टफोलिओ बांधतो.

कष्ट म्हणाल तर सीएफए भारी. तीन पातळ्या, प्रत्येकीला साधारण 300 तास अभ्यास, शिवाय किमान 36 महिन्यांत मिळवलेला 4,000 तासांचा अनुभव. नोकरी सांभाळून करायचं तर रोजचे दोन तास गेलेच. सीएफपीलाही शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि आचारसंहिता हे चारही टप्पे आहेत, पण नियम देशागणिक बदलतात. खर्चही. सीएफएत नापास झालात की त्या पातळीची फी पुन्हा भरा, हे आधीच हिशेबात धरा.

सीएफएचा अभ्यासक्रम जगभर एकच, सीएफपीत स्थानिक करकायदा आलाच. म्हणून देश बदलायचा बेत असेल, संशोधन किंवा फंड व्यवस्थापन खुणावत असेल, तर सीएफए घ्या. कुटुंबांना समोर बसवून सल्ला द्यायचाय, त्यांनी सीएफपीच करावं. भाचीला तासन्‌तास लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं. तिला मी तेच सांगितलं.